वेड पांघरणे आणि वेड लागणे

एक गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी कोणत्या ना कोणत्या रूपात ऐकलेली असते. लंडनमधल्या एका डॉक्टरकडे एक खिन्न मनुष्य येतो. झोप नाही, अन्नावर वासना नाही, कशातच मन रमत नाही, अशी त्याची तक्रार. डॉक्टर तपासतात. शरीरात दोष सापडत नाही, तेव्हा ते सल्ला देतात : 'सध्या ग्रिमाल्डी नावाच्या विदूषकाचे खेळ चालू आहेत. एकदा जाऊन या. पोट धरून हसाल आणि बरे व्हाल.' त्यावर तो मनुष्य खाली मान घालून म्हणतो, 'डॉक्टर, ग्रिमाल्डी तो मीच.'

गोष्ट चटका लावणारी आहे, यात शंका नाही. हिंदी चित्रपट पाहणाऱ्यांना तिचे भारतीय भावंडही ठाऊक आहे. १९७० सालच्या 'मेरा नाम जोकर'मध्ये डोळ्यांदेखत आई गेल्यावरही राजू सर्कशीच्या रिंगणात लोकांना हसवीत राहतो. आपण डोळे पुसतो आणि मनाशी एक प्रमेय पक्के करून घरी येतो की, जो हसवतो तो आतून रडत असतो. या प्रमेयाला पुढे आणखी एक शेपूट जोडले जाते : विनोदी प्रतिभा ही मनाच्या आजाराचीच एक फांदी होय. या दोन विधानांत तथ्य किती आणि भाबडेपणा किती, हे तपासून पाहावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू. लेखक मानसशास्त्राचा विद्यार्थी असला तरी मराठीच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसण्याची त्याची सवय सुटलेली नाही. त्यामुळे उदाहरणे दोन्ही घरची येतील, ती दोन्ही विभागांच्या प्राध्यापकांनी गोड मानून घ्यावीत.

प्रथम ग्रिमाल्डीची गोष्ट निकालात काढू. जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८-१८३७) हा इंग्लंडचा सर्वांत गाजलेला विदूषक होता. त्याच्या आठवणी त्याच्या मृत्यूनंतर १८३८ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि त्यांचे संपादन तरुण चार्ल्स डिकन्सने केले होते. परंतु डॉक्टरची ती हकिकत पॅरिसच्या देबुरो या मूकनटाविषयीही सांगतात, आणखी इतर विदूषकांविषयीही सांगतात. जी गोष्ट इतक्या जणांच्या नावावर खपते, ती बहुधा कोणाच्याच आयुष्यात घडलेली नसते. शिवाय ग्रिमाल्डी दुःखी होता, तर त्याच्या दुःखाची कारणे शोधण्यास दूर जावे लागत नाही. १८०० मध्ये त्याची पहिली पत्नी बाळंतपणात गेली. रोजच्या कोलांट्याउड्यांनी आणि आपटण्याने त्याचे शरीर इतके मोडून गेले की, पंचेचाळिशीतच त्याला रंगभूमी सोडावी लागली. १८२८ च्या निरोपाच्या खेळात तो उभा राहू शकत नव्हता, खुर्चीवर बसून त्याने काम केले. १८३२ मध्ये त्याचा एकुलता एक मुलगा व्यसनापायी मरण पावला. असा मनुष्य गवंडी असता किंवा कारकून असता तरी दुःखीच झाला असता. आपण मात्र त्याचे दुःख त्याच्या विनोदाच्या खात्यावर मांडतो, कारण गोष्ट मग अधिक सुबक होते.

आता मराठीकडे वळू. 'वेड' या शब्दाभोवती आपल्या भाषेने मोठा संसार मांडला आहे. नाटकाचे वेड असते, क्रिकेटचे वेड असते. आई लाडाने मुलाला 'वेडा रे वेडा' म्हणते. या सगळ्यांत मला मार्मिक वाटतो तो 'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार. मनुष्य शहाणा असतो, पण प्रसंगी वेडाची शाल अंगावर ओढतो आणि काम झाले की घडी करून ठेवतो. याच्या शेजारी 'वेड लागणे' हे क्रियापद ठेवून पाहा. आग लागते, कीड लागते, ठेच लागते, तसे वेड लागते. तेथे कर्ता मनुष्य नसतो, त्याच्यावर काहीतरी येऊन कोसळते. पांघरलेले काढता येते, लागलेले काढता येत नाही. विनोद आणि मनोरुग्णता यांच्या नात्यातला सारा घोळ या दोन क्रियापदांच्या सरमिसळीतून झाला आहे, असे मला वाटते.

ही सरमिसळ होण्याजोगे साम्य त्या दोहोंत आहे, हेही तितकेच खरे. भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात हास्यरसाचे विभाव सांगितले आहेत. विकृत वेष, धार्ष्ट्य, लौल्य यांच्या जोडीला तेथे 'असत्प्रलाप' येतो, म्हणजे निरर्थक बडबड. 'व्यंगदर्शन'ही येते. पुढल्याच अध्यायात तेहतीस व्यभिचारी भावांच्या यादीत 'उन्माद' आहे. प्रिय माणसाचा वियोग, संपत्तीचा नाश, आघात, वातपित्तादींचा प्रकोप ही त्याची कारणे, आणि विनाकारण हसणे, रडणे, असंबद्ध प्रलाप ही त्याची चिन्हे. एकच बडबड एका पानावर हशाचे कारण आहे आणि काही पाने उलटल्यावर रोगाचे लक्षण आहे. भरताने या दोहोंची गाठ मारून दाखवलेली नाही. पण त्याच्या कारणांच्या यादीत शोक, दारिद्र्य, मार आणि शरीरातील बिघाड हे सारे आहे, प्रतिभा मात्र नाही. ही नोंद आजच्या मनोविकारशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही विचार करावयास लावील.

बडबड तीच असेल तर फरक कोठे पडतो? या प्रश्नाला गोविंद बल्लाळ देवलांच्या दोन नाटकांइतके चांगले उत्तर मला अन्यत्र सापडलेले नाही. देवलांनी १८९० मध्ये शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी त्यांनी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हा फार्स मराठीत आणला. त्याचे मूळ मोलिएरपर्यंत जाते. यालाच १९१६ मध्ये संगीताचा साज चढून 'संशयकल्लोळ' झाले. दोन्ही नाटकांचा विषय एकच : पत्नीविषयीचा संशय. एकात पुरावा म्हणून रुमाल आहे, दुसऱ्यात तसबीर. रुमालाने माणसे मरतात, तसबिरीने प्रेक्षागृह शंभर वर्षे हसते आहे. निराधार आणि अढळ मत्सराला मनोविकारशास्त्र तर 'ऑथेल्लो सिंड्रोम' याच नावाने ओळखते. मग फाल्गुनराव रोगी का वाटत नाही?

नेहमीचे उत्तर असे की, 'संशयकल्लोळ'मध्ये कोणाचे काही नुकसान होत नाही. हे उत्तर अपुरे आहे. नीट पाहिले तर आढळेल की, फाल्गुनरावाचा संशय पुराव्याला मानतो. तसबीर दिसली म्हणून तो बळावतो आणि तसबिरीचा उलगडा झाला की तो विरतो. शिवाय कृत्तिकाबाईही नवऱ्याइतक्याच संशयी आहेत, त्यामुळे ताजवा बरोबरीचा राहतो. कोणी एकच कोपऱ्यात सापडत नाही. खऱ्या संशयविकारात पुरावा निष्प्रभ असतो. रुग्णापुढे शंभर साक्षीदार उभे करा, ते शंभर त्याला कटातले वाटतात. भ्रमाची वैद्यकीय व्याख्याच मुळी अशी आहे की, जो विश्वास विरुद्ध पुराव्याने हलत नाही तो भ्रम. विनोदी नाटकातले वेड अशा रीतीने सोयीचे वेड असते. पडदा पडण्यापूर्वी ते बरे होते. यात देवलांचा दोष नाही, तो प्रहसनाचा करारच आहे. परंतु फाल्गुनरावाला हसून बाहेर पडलेला प्रेक्षक घरच्या किंवा शेजारच्या खऱ्या रुग्णाला 'अरे, समजावून सांगितले की कळेल' असे म्हणू लागतो, तेव्हा तो कराराची कलमे रंगमंचाबाहेर लागू करीत असतो.

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त हा करार मोडला आहे. तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाला आपण मनसोक्त हसतो. पण त्याच दारूने तळीरामही मरतो आणि सुधाकराचे घरही बुडते. दारूचे व्यसन हा आज मान्य झालेला मनोविकार आहे, त्याच्या विनोदी बाजूचे आणि भीषण बाजूचे असे एकत्र दर्शन मराठीत दुसरे मिळणे कठीण. गडकऱ्यांविषयी लिहू लागले तर हा लेख संपणार नाही, म्हणून येथेच थांबतो.

आतापर्यंत वेड हा विनोदाचा विषय होता. विनोद करणाऱ्यालाच वेड लागले तर काय होते, हे पाहण्यासाठी मी स्पाइक मिलिगन या इंग्रजी विनोदकाराचे उदाहरण घेतो. ते घेण्याचे एक कारण त्याची कीर्ती हे आहे, आणि दुसरे थोडे प्रादेशिक अभिमानाचे आहे. मिलिगनचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी आपल्या अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात झाला. वडील आयरिश, ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करात नोकरीला. बालपण पुणे आणि रंगून येथे गेले. पुण्याच्या कॉन्व्हेंट शाळेत तो शिकला. ज्या जिल्ह्यात भीमेच्या काठी पेडगाव वसले आहे, त्याच जिल्ह्यात विसाव्या शतकातील एका मोठ्या वेड पांघरणाऱ्याने जन्म घ्यावा, हा निव्वळ योगायोग, पण लिहिण्याचा मोह आवरत नाही.

१९३० नंतरच्या काही वर्षांत हे कुटुंब इंग्लंडला गेले. दुसऱ्या महायुद्धात मिलिगन तोफखान्यात होता. उत्तर आफ्रिकेनंतर इटलीच्या आघाडीवर जानेवारी १९४४ मध्ये उखळी तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय जखमी झाला आणि मनही हादरले. त्याला बोलताना अडखळू लागले, तोफांचा आवाज सोसेना. त्याच्या वरिष्ठाने याला आजार मानले नाही. त्याची बढती काढून घेऊन त्याला पुन्हा साधा गोलंदाज केले. पुढे १९७१ मध्ये त्याने आपल्या युद्धस्मृतींचा पहिला खंड लिहिला. हिटलरच्या पाडावात आपला वाटा किती, हे सांगणारे त्या पुस्तकाचे नावच वाचकाला हसवते. युद्धाच्या आठवणी त्याने अशा हसत हसत सांगितल्या, पण युद्धाने त्याला सोडले नव्हते.

२८ मे १९५१ रोजी बी.बी.सी.वर त्याचा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या मालिकेचे नाव होते 'क्रेझी पीपल', म्हणजे चक्क 'वेडी माणसे'. पुढे तो 'गून शो' म्हणून जगप्रसिद्ध झाला आणि जानेवारी १९६० पर्यंत चालला. पीटर सेलर्स, हॅरी सीकोम्ब आणि सुरुवातीला मायकेल बेंटाइन हे त्याचे सोबती. श्रोत्यांना ऐकू येई ते सारे असत्प्रलापाच्या जातीचे : प्रश्नाशी संबंध नसलेली उत्तरे, स्फोटानंतर शांतपणे चहा पिणारी म्हातारी माणसे, मेल्यावर पुन्हा बोलू लागणारी पात्रे. हिंदी माणसांच्या उच्चारांची नक्कलही असे. नगर-पुण्यात वाढलेल्या कानाने ती टिपली होती, पण आज आपल्याला ती सगळीच गोड लागेल असे नाही.

हा प्रलाप किती काटेकोरपणे घडवलेला होता, हे आवाजांविषयीच्या मिलिगनच्या हट्टावरून कळते. कस्टर्ड भिंतीवर आपटल्यावर होईल तसा आवाज हवा म्हणून त्याने बी.बी.सी.च्या उपाहारगृहातून कस्टर्ड करून घेतले, आपल्या पायमोज्यात ओतले आणि तो मोजा लाकडी फळीवर आपटून पाहिला, असे सांगतात. आवाज मनाजोगता आला नाही तो नाहीच. ऐकणाऱ्याला ही कृती वेडेपणाची वाटेल. वस्तुतः ती कारागिराची कृती आहे. तो एक आवाज करून पाहतो, कान देतो, पसंत पडला नाही तर टाकून देतो. निवडण्याची आणि टाकण्याची ही शक्ती शाबूत असते तोवर वेड हे पांघरूण असते.

ती शक्ती १९५२ च्या अखेरीस त्याला सोडून गेली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचे नवे लिखाण, त्यात अधिकाऱ्यांशी भांडणे, झोप नाही. बटाटे सोलण्याची सुरी घेऊन तो शेजारी राहणाऱ्या पीटर सेलर्सला ठार मारावयास निघाला, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. त्याला मनोरुग्णालयात ठेवावे लागले आणि मधल्या काळात कार्यक्रमाचे लेखन सहकाऱ्यांनी सांभाळले. सुरीची ही हकिकत तो नंतर लोकांना हसवण्याच्या सुरात सांगे. ऐकणारे हसत. पण ज्या रात्री ती घडली, त्या रात्री तीत विनोद नव्हता. विनोद नंतर आला, तो पुन्हा बरा झाल्यावर आणि मागे वळून पाहता येऊ लागल्यावर. माझ्या दृष्टीने मिलिगनच्या सबंध चरित्रातला हा सर्वांत बोलका तपशील आहे.

त्याला उन्माद आणि विषाद यांच्या फेऱ्यांचा आजार होता, ज्याला डॉक्टर आता बायपोलर विकार म्हणतात. आयुष्यात किमान दहा वेळा तो गंभीरपणे कोसळला. आता कोणी म्हणेल की, उन्मादाच्या चढत्या अवस्थेत कल्पना भराभर सुचतात, शब्दावरून शब्द उडी मारतो, आणि 'गून शो'ची उडी नेमकी तशीच आहे, मग आजाराचे देणे नाही असे कसे म्हणता? आक्षेप वजनदार आहे आणि तो अंशतः मान्य करावा लागेल. चढत्या अवस्थेच्या पहिल्या पायरीवर मनाला जो वेग येतो, तो लेखकाच्या उपयोगी पडत असावा. परंतु वेग म्हणजे विनोद नव्हे. मनोरुग्णालयाच्या कोणत्याही कक्षात उन्मादाचे रुग्ण असतात, त्यांच्या विचारांना हाच वेग असतो, आणि त्यांच्यापैकी क्वचितच कोणी 'गून शो' लिहितो. वेगाला लगाम घालणारा कोणीतरी आत जागा असावा लागतो. आणखी एक पायरी चढली की तोच वाहून जातो. उतरत्या अवस्थेत तर मनुष्याला पलंगावरून उठवत नाही, तेथे विनोद कोठला सुचणार? तेव्हा आजाराने मिलिगनला कच्चा माल दिला असेल, पण कारखाना निरोगी भागाचा होता, आणि आजार दर काही वर्षांनी येऊन तो कारखानाच बंद पाडीत होता.

१९९३ मध्ये अँथनी क्लेअर या आयरिश मनोविकारतज्ज्ञाबरोबर त्याने विषादावर एक पुस्तक लिहिले. एका बाजूने रुग्णाचा अनुभव, दुसऱ्या बाजूने वैद्याचे विवेचन, अशी त्याची रचना आहे. ज्या पिढीत मनाच्या आजाराविषयी कुजबुजूनच बोलत, त्या पिढीतल्या लोकप्रिय माणसाने नावानिशी आणि तपशिलाने हे सांगावे, याचे मोल त्याच्या विनोदाइतकेच आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

विनोद आणि विषाद यांची गाठ मनाच्या कोणत्या भागात पडते, याविषयी फ्रॉइडचे म्हणणे थोडक्यात सांगितले पाहिजे. १९०५ मधले त्याचे कोट्या आणि चुटके यांच्यावरील पुस्तक पुष्कळांना ठाऊक असते. मला मात्र १९२७ मधला त्याचा छोटा निबंध अधिक खोल वाटतो. तेथे तो एका कैद्याचे उदाहरण देतो. सोमवारी सकाळी फाशीकडे नेले जात असताना तो म्हणतो की, आठवड्याची सुरुवात तर छान झाली. फ्रॉइडच्या मते आपल्या मनात एक वडीलधारा असतो. एरवी तो कडक असतो, चुका काढतो, दरडावतो. विनोदाच्या क्षणी मात्र तोच घाबरलेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवतो आणि म्हणतो की, एवढे काय भ्यायचे, हा तर पोरखेळ आहे. आता विषादाचे चित्र पाहा. त्यातही हाच वडीलधारा असतो, पण तेथे तो निर्दय झालेला असतो. तू नालायक आहेस, तू ओझे आहेस, असे रात्रंदिवस घोकतो. म्हणजे विनोद आणि विषाद हे एकाच घरातल्या एकाच माणसाचे दोन स्वभाव झाले. फ्रॉइडची परिभाषा आता जुनी झाली आहे आणि प्रयोगशाळेत ती सिद्ध करता येत नाही, हे आमच्या विभागात रोज ऐकतो. तरीही या चित्रावरून एक गोष्ट उलगडते. ज्याच्या मनातला वडीलधारा फार कडक, त्याला विनोदाची गरज इतरांहून अधिक भासत असेल. त्याचा विनोद हे दुखण्याचे लक्षण नसून स्वतःच स्वतःला दिलेले औषध असेल. आणि औषध घेणारे लोक आजारी आढळले म्हणून औषधानेच आजार झाला, असे कोणी म्हणत नाही.

प्रत्यक्ष पाहणी काय सांगते? सीमूर आणि ऱ्होडा फिशर या अमेरिकन दांपत्याने व्यावसायिक विनोदवीरांच्या आणि विदूषकांच्या मुलाखती घेऊन, त्यांना शाईच्या डागांची चाचणी देऊन १९८१ मध्ये एक पुस्तक लिहिले. विनोदवीर इतर नटांपेक्षा अधिक मनोरुग्ण असतात, असे त्यांना आढळले नाही. आढळली ती लहानपणी लवकर अंगावर पडलेली जबाबदारी, आणि आपण वाईट नाही हे जगाला पटवून देण्याची सततची धडपड. २०१४ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री'त आंडो, क्लॅरिज आणि क्लार्क यांची पाहणी आली. तीत ५२३ विनोदवीर होते, ४०४ पुरुष आणि ११९ स्त्रिया. तुलनेसाठी ३६४ नट आणि ८३१ इतर लोक. विलक्षण अनुभव, विचारांची विस्कळीतता, समाजापासून दूर राहण्याची व आनंद कमी वाटण्याची वृत्ती, आणि आवेगी बेशिस्त अशा चारही गुणांत विनोदवीरांचे गुणांक इतरांपेक्षा अधिक भरले. नटांचे गुणांक तीन गुणांत अधिक होते, आनंद कमी वाटण्याच्या गुणात मात्र नव्हते. एकलकोंडेपणा आणि उसळता आवेग हे परस्परविरोधी वाटणारे गुण विनोदवीरात एकत्र नांदतात, ही त्यातली खरी लक्षणीय गोष्ट.

ही पाहणी प्रसिद्ध होताच विनोदी माणसे वेडी असतात असे शास्त्राने सिद्ध केले, अशा थाटाच्या बातम्या आल्या. पाहणीत तसे काहीही नाही. ती प्रश्नावली निरोगी माणसांच्या वृत्ती मोजण्यासाठी आहे, रोगाचे निदान करण्यासाठी नाही. ती इंटरनेटवरून ज्यांनी आपणहून भरली, त्यांचीच ती उत्तरे आहेत. रक्तदाब थोडा अधिक असणे आणि पक्षाघात होणे यांत जेवढे अंतर, तेवढेच येथे आहे.

हे अंतर पुसले की काय होते, ते त्याच वर्षी दिसले. ११ ऑगस्ट २०१४ रोजी रॉबिन विल्यम्स या अमेरिकन नटाने वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी आपले जीवन संपवले. पूर्वी त्याने व्यसन आणि विषाद या दोहोंशी झगडा दिला होता. तेव्हा जगभर ग्रिमाल्डीची जुनी गोष्ट नव्याने छापली गेली. शवविच्छेदनात वेगळेच निघाले. त्याच्या मेंदूत 'लेवी बॉडी' नावाच्या ऱ्हासकारी रोगाने ठाण मांडले होते. अखेरच्या काळात त्याला संवाद आठवत नव्हते, हात कापत होता, झोप नव्हती, अकारण भीती वाटत होती. त्याच्या पत्नीने २०१६ मध्ये 'न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात हे सारे सविस्तर लिहिले. शोकाकुल विदूषकाची आख्यायिका सांगण्यात गुंतलेल्यांना मेंदूचा रोग सुचलाही नव्हता. आख्यायिकेचा हा दोष नेहमीचा आहे. ती सुंदर असल्यामुळे चौकशी थांबवते.

आपल्याकडे ही सरमिसळ दोन दिशांनी चालते. एकीकडे रुग्ण हा विनोदाचा विषय असतो. स्नेहसंमेलनातल्या एकांकिकांत विस्कटलेले केस, वेडेवाकडे हातवारे आणि 'याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य आले की हशा ठरलेला. ठाण्याला किंवा येरवड्याला प्रत्यक्ष ज्याच्या घरचे कोणी आहे, असा विद्यार्थी त्याच सभागृहात बसलेला असू शकतो, हे लिहिणाऱ्याच्या मनातही येत नाही. मनोविकारांवर विनोद करूच नये, असे माझे म्हणणे नाही. मिलिगनने आयुष्यभर तेच केले. मात्र त्याच्या विनोदात हसणारा आणि ज्याला हसायचे तो, असे दोघेही एकाच कातड्याच्या आत होते. आपल्या एकांकिकेत ते दोघे वेगळे असतात, आणि हसणारा नेहमी शहाण्यांच्या बाजूला उभा असतो.

दुसरी दिशा अधिक धोक्याची आहे. वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी मुलगा असा असतो, ज्याच्या खोलीतून हशा थांबत नाही. प्राध्यापकांच्या नकला त्याने कराव्यात, मेसच्या आमटीवर त्याने कोट्या कराव्यात. असा मुलगा एखाद्या दिवशी म्हणतो की, 'मला काही बरे वाटत नाही रे, जगून काय करायचे आहे!' आणि सगळे टाळ्या देऊन हसतात. त्याच्या तोंडून आलेले कोणतेही वाक्य विनोदच असणार, अशी आपली समजूत झालेली असते. तो आजारी आहेच असे नाही, बहुतेक वेळा नसतोही. पण असला, तर त्याने सांगावे कोणत्या भाषेत? गंभीर मुलाने हेच वाक्य उच्चारले असते, तर निदान रूम-पार्टनरने चहा तरी विचारला असता. हल्ली महाविद्यालयांतून समुपदेशक असतात, २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा आहे. पण या सेवांपर्यंत पोहोचण्याआधी ते वाक्य विनोद म्हणून न ऐकणारा एखादा कान वाटेत भेटावा लागतो. आणि एकाने नाही ऐकले तर दुसऱ्याकडे तेच वाक्य पुन्हा बोलण्याचे बळ प्रत्येकाकडे नसते.

मिलिगन २७ फेब्रुवारी २००२ रोजी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी वारला. त्याची कबर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ विंचेल्सी या गावी आहे. 'मी आजारी आहे, असे तुम्हांला सांगितले होते ना!' अशा अर्थाचे वाक्य थडग्यावर कोरावे, अशी त्याची इच्छा होती. चर्चच्या अधिकाऱ्यांना इंग्रजीत असे वाक्य स्मशानात शोभणारे वाटले नाही. अखेर तोड निघाली आणि ते आयरिश भाषेत कोरले गेले. त्या गावातल्या बहुतेकांना ती भाषा येत नाही.